एंजल डस्ट : गिटार मागे का ठेवलीय, असं विचारणाऱ्यांसाठी

माझा भाचा मेटल बँडमध्ये गिटार वाजवतो. गेल्या महिन्यात घरी आला होता, तेव्हा त्याला 'फेथ नो मोअर' या अमेरिकन रॉक बँडचा 'एंजल डस्ट' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. तेरा गाणी, तासाला थोडाच वेळ कमी. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आत्या, सगळं ठीक आहे, पण गिटार मागे का ठेवलीय? हेवी म्हणायचं आणि गिटार दाबायची?"

हा प्रश्न गेली तीस-बत्तीस वर्षं या अल्बमभोवती फिरतोय. मी तेवढीच वर्षं तो अल्बम ऐकतेय आणि त्याच काळात डोंबिवली-ठाण्याच्या ऑर्केस्ट्रांमधून कीबोर्ड वाजवतेय. त्यामुळे मी कोणाच्या बाजूने बोलणार ते उघड आहे. तरीही भाच्याचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून उत्तरही मनापासून आणि सविस्तर लिहितेय.

अल्बम जून 1992 चा. बँड सॅन फ्रान्सिस्कोचा आणि रेकॉर्डिंगही तिथेच, कोस्ट रेकॉर्डर्स या स्टुडिओत, मॅट वॉलेस या निर्मात्याबरोबर झालेलं. आधीचा 'द रिअल थिंग' 1989 चा. त्यातलं 'एपिक' अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं होतं. गायक माइक पॅटन त्या अल्बमच्या वेळी अगदी शेवटी बँडमध्ये आला. संगीत बहुतेक आधीच तयार होतं, त्याने येऊन शब्द लिहिले आणि गायला. 'एंजल डस्ट'मध्ये मात्र तो पहिल्या दिवसापासून होता. पुन्हा एक 'एपिक' करून द्या, एवढीच सगळ्यांची अपेक्षा असताना या पाच जणांनी हे असं काही केलं. ब्रिटनच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत दहाव्या. पण अमेरिकेत आधीच्या अल्बमइतका तो खपला नाही. पुढे 2003 मध्ये 'केरँग' या ब्रिटिश रॉक साप्ताहिकाने आजवरच्या सर्वांत प्रभावी अल्बमांची यादी केली आणि त्यात याला पहिला नंबर दिला.

आमच्या घरी तो कॅसेट होऊन आला. दादा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. 1993 मध्ये त्याने रॉटरडॅमला घेतली आणि सुट्टीवर आला तेव्हा माझ्या हातात ठेवली, "तुझ्या कॅसिओवाल्यांचं काहीतरी आहे यात," म्हणाला. कव्हरवर निळ्या पार्श्वभूमीवर एक बगळा, मान वळवलेला, इतका देखणा की ही भजनांची कॅसेट म्हणूनही खपली असती. एलपीची मागची बाजू मी फार उशिरा पाहिली. तिथे खाटीकखान्यात आकड्याला टांगलेलं गाईचं मुंडकं आहे. आईला ती बाजू मी आजतागायत दाखवलेली नाही. 'एंजल डस्ट' हे पीसीपी नावाच्या एका भयंकर अमली पदार्थाचं रस्त्यावरचं नाव. ते सुचवलं कीबोर्डवाल्या रॉडी बॉटमने. नाव गोड आणि वस्तू विषारी. पुढे बगळा आणि मागे मुंडकं, हाही त्यातलाच प्रकार. आत तेरा गाण्यांमध्ये हेच चालतं, म्हणून कव्हर आधी नीट पाहून घ्या.

पहिलं गाणं 'लँड ऑफ सनशाइन'. बिली गूल्डचा बास ठोकत सुरू होतो आणि त्यावर कीबोर्डचे असे भव्य स्वर उघडतात की वाटावं, एखाद्या मोठ्या सोहळ्याचा पडदा वर जातोय. शब्द मात्र चिनी हॉटेलात बिस्किटातून निघणाऱ्या भविष्याच्या चिठ्ठ्यांवरून आणि एका व्यक्तिमत्त्व चाचणीतल्या प्रश्नांवरून घेतलेले. तुमचं नशीब उजळणार आहे, सगळं उत्तम होणार आहे, असं तो गात राहतो आणि मध्येच हसतो. ते हसणं ऐकून 1993 मध्ये मी आवाज कमी केला होता. त्या वेळी पॅटन स्वतःला मुद्दाम झोपू न देता लिहीत होता, हे पुढे कधीतरी वाचलं. पहिल्या दोन गाण्यांमध्ये ते जाणवतं. दुसरं तर नावानेच 'कॅफीन' आहे.

मग 'मिडलाइफ क्रायसिस', त्यांचं अमेरिकेतल्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं. याच्यावर मी थोडं थांबते, कारण भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आमचा ऑक्टोपॅडवाला वीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहून वाजवतो. इंग्रजी गाणी तो सहसा ऐकत नाही. ऑर्केस्ट्राच्या एका सुपारीवरून परतताना टेम्पोत मी हे गाणं त्याच्या कानाला लावलं. चार मात्रांतच त्याने मांडीवर ठेका धरला आणि म्हणाला, "ताई, हा झांजा वाजवतच नाही. सगळं टॉमवर चाललंय." अगदी बरोबर. टॉम म्हणजे ड्रमसेटमधले ढोल, आणि ड्रमर माइक बोर्डिनचं वाजवणं चामड्याचं आहे. बर्कलीला शिकताना त्याने घानाच्या ढोलवादनाचे धडे घेतले होते आणि ते ऐकू येतं. ठेका वरून सांडत नाही, खालून ढकलतो. सुरुवातीला त्याच्याबरोबर सायमन आणि गारफंकल यांच्या 'सेसिलिया' या गाण्यामधला टाळ्या-ठोक्यांचा एक छोटा तुकडा सँपल करून, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डवरून उचलून, घातलेला आहे. आता यावर गिटार काय करते ते ऐका. कडव्यात ती जवळजवळ नाहीच. ध्रुवपदाशी येते, एक भिंत उभी करते आणि निघून जाते. भिंत मोठी वाटते ती आधीच्या मोकळ्या जागेमुळे. शेवटी दोन वेगळ्या चाली एकमेकींवर ठेवल्या आहेत, तेव्हा खाली कीबोर्डचा लांब सूर धरलेला आहे. तो काढा आणि दोन्ही चाली जमिनीवर पडतील. लग्नाच्या संगीताला शंभर वेळा मी असा सूर धरलाय आणि तो कुणाच्याही लक्षात आलेला नाही. लक्षात यायची गरजही नसते.

भाच्याला मी एवढंच सांगितलं : वजन एका वाद्यात नसतं, कोण कधी गप्प बसतं त्यात असतं. तो म्हणाला, "ते खरं, पण तरी." त्याच्या 'पण तरी'कडे पुढे येतेच.

चौथ्या गाण्याला बरेच लोक उठून जातात. 'आरव्ही'. आधीच्या तीन गाण्यांचा दणका संपतो आणि अचानक पियानोवर संथ दादऱ्याच्या अंगाने एक चाल सुरू होते, अमेरिकन गावाकडची. वर एक माणूस पुटपुटतोय. चाकांवरच्या घरात राहणारा, जाडजूड, खुर्चीतून न उठणारा, सगळ्यांवर चिडलेला. पहिल्यांदा ऐकताना मीही फास्ट फॉरवर्डवर बोट ठेवलं होतं. तेवढ्यात आई कोथिंबीर निवडत बाहेर आली, उंबऱ्यात उभी राहिली, ऐकलं आणि म्हणाली, "हा माणूस दमलाय गं. पण कामाने नव्हे." आईला इंग्रजी येत नाही. शब्द एकही न कळता तिने ते गाणं जसं ओळखलं तसं कुठल्या समीक्षकाने ओळखलेलं मी वाचलेलं नाही. बोट मी काढून घेतलं. तेव्हापासून ते गाणं मी कधीही ओलांडलेलं नाही. या अल्बमवर लोकांनी जी मतं मला ऐकवली, त्यांत आईचं मत मी सर्वांत वर ठेवते.

पॅटनच्या गळ्याबद्दल आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकेचं म्हणणंही इथे नोंदवते. ती लता-आशा दोन्ही गाते, रोज रियाज करते आणि किंचाळणाऱ्या गाण्यांचा तिला तिटकारा आहे. 'कॅफीन' तिने बंद करायला लावलं. पण 'आरव्ही'नंतर मी पुढचं लावलं, त्यानंतरचंही लावलं, तेव्हा तिने विचारलं, "हा दुसरा गायक कोण?" एकच आहे म्हटल्यावर तिने पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं, 'कॅफीन'सकट. तिचं मत असं की हा गात नाही, माणसं उभी करतो. प्रत्येक माणसाचा श्वास वेगळा घेतो. पुटपुटणाऱ्याचा श्वास छातीच्या वरच्या वर, आणि मोठ्या खुल्या सुरांत पोटातून. तिला तो आवडला नाही, पण तिने तो मानला.

'स्मॉलर अँड स्मॉलर' मला थोडं लांबलेलं वाटतं. 'एव्हरीथिंग्ज रुइन्ड' मात्र पियानोच्या त्या सुरुवातीसाठी कितीदाही ऐकेन. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं नाणं शेवटी खोटं निघतं, अशी त्याची गोष्ट. चाल इतकी उमदी आहे की दिवाळं निघाल्याची बातमी कुणी बँडबाजा लावून सांगावी. 'किंडरगार्टन' ठीक आहे, त्यातला बास चांगला आहे, एवढंच.

'मालप्रॅक्टिस'बद्दल मात्र जरा सावकाश लिहिते. अल्बममधलं सगळ्यात खरबरीत गाणं. ऑपरेशन टेबलावरच्या बाईचं. मध्येच सगळं थांबतं, लहान मुलांच्या चावीच्या खेळण्यासारखे काही किणकिणते स्वर येतात. आणि मग व्हायोलिनचा एक तुकडा कापत येतो. तो रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या आठव्या क्वार्टेटचा, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा आहे, दुसऱ्या भागातला, क्रोनोस क्वार्टेट या वादकगटाने वाजवलेला. ती रचना 1960 ची, तीन दिवसांत लिहिलेली. मला हे कळलं कॅसेट घेतल्यानंतर पाच-सहा वर्षांनी. तोपर्यंत मी समजत होते, हे बॉटमनेच बोटांनी वाजवलंय, आणि ते मला का जमत नाही म्हणून रात्री रात्री बसत होते.

आमच्या धंद्यात स्ट्रिंग्ज, म्हणजे कीबोर्डवरचा व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज, ही गादी. गायक बसला की खाली मऊ काहीतरी पाहिजे, म्हणून डाव्या हाताने स्ट्रिंग्जचा टोन धरायचा. फ्लॉपीवरून टोन लोड करायचे दिवस होते, पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत ते घुर्र घुर्र संपेल की नाही याची धाकधूक असायची, आणि एवढं करून आणायचं काय, तर गादी. 'मालप्रॅक्टिस'मध्ये त्याच वाद्यांची करवत केलेली आहे. तो तुकडा ठोक्याला लागून येतो, चार सेकंद, पाच सेकंद, आणि त्या पूर्ण गाण्यातली सर्वांत जड गोष्ट तीच आहे. तिथे गिटार कितीही पुढे आणली असती तरी एवढी इजा झाली नसती. हे ऐकल्यानंतर माझ्या हातात फरक पडला. नवरात्रात 'गोंधळ' वाजवताना मी स्ट्रिंग्ज पहिल्यांदा तोडून, ठोक्यावर मारून वाजवल्या, तेव्हा संबळवाल्याने मान वर करून पाहिलं होतं.

'बी अ‍ॅग्रेसिव्ह' घरात सगळ्यांसमोर लावू नका. विषय उघड लैंगिक आहे, शब्द बॉटमचे. तो समलिंगी असल्याचं त्याने पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, जाहीरपणे सांगितलं. चर्चमध्ये वाजावा तसा ऑर्गन, त्यावर शाळेच्या सामन्यात मुली एकेक अक्षर ओरडत संघाला चढवतात तसा घोष. ज्या काळात हेवी बँड म्हणजे मर्दानगीचं प्रदर्शन, त्या काळात बँडच्या कीबोर्डवाल्याने हे लिहिलं आणि बाकीच्यांनी ते पूर्ण ताकदीने वाजवलं, याचा मला मनापासून आदर आहे.

'अ स्मॉल व्हिक्टरी' हे हरणं सहन न होणाऱ्या माणसाचं गाणं, पूर्वेकडच्या वळणाची कीबोर्डची धून असलेलं, अल्बममधलं सर्वांत सुरेल. एखाद्याला हळूच आत आणायचं असेल तर 'मिडलाइफ'च्या आधी मी हेच ऐकवते.

मग येतं 'क्रॅक हिटलर'. सुरुवातीला विमानतळावरच्या उद्‌घोषणेचा एक बाईचा आवाज आहे, पोर्तुगीज, खोल आणि रेशमी. त्याच्यामागून सत्तरच्या दशकातल्या पोलिसी सिनेमासारखी वाह-वाह करणारी गिटार धावते. आम्ही त्या आवाजाला नुसतं 'विमानवाली' म्हणायचो. पुढे 1996 मध्ये दादाला जहाज पकडायला रिओ दि जानेरोला जायचं होतं. परत आल्यावर बॅग दारात ठेवून त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, "अगं, ती विमानवाली तिथे खरंच आहे!" गॅलेआओ विमानतळावर उतरून तो सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होता आणि वरून तोच आवाज आला. तिचं नाव आयरिस लेत्तिएरी, कित्येक वर्षं त्या विमानतळाची ओळख तिचा आवाजच होता. दादा म्हणाला, भोवतालची माणसं सामान उचलत होती आणि मी एकटा मान वर करून पुढच्या गिटारची वाट बघत उभा होतो.

आता भाच्याचं 'पण तरी'.

गिटारवाला जिम मार्टिन या अल्बमवर खूश नव्हता. त्याला ही दिशाच पटत नव्हती. 1993 संपायच्या आत तो बँडमधून बाहेर गेला. म्हणजे माझ्या दिवाणखान्यात भाचा आणि मी जे भांडलो ते भांडण रेकॉर्डिंगच्या खोलीतच सुरू झालं होतं, आणि ते टेपवर उतरलंय. मी कीबोर्डवाली असूनही हे मान्य करते की मार्टिनशिवाय हा अल्बम उभाच राहिला नसता. बाकीचे चौघे वाट्टेल तिकडे जाऊ पाहतात आणि तो एकटा जुन्या, जड, काळ्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, पाय रोवून उभा आहे. तो गेल्यानंतरच्या बँडच्या अल्बमांत गिटार चांगली आहे, पण ही ओढाताण नाही. ती मला तिथे चुकल्यासारखी वाटते.

आणि 'जिझलॉबर'. तेरातलं बारावं. संगीत मार्टिनचं. दलदलीतल्या किड्यांचे आवाज, मग गिटारचा तो किळसवाणा, सरपटणारा रिफ. इथे ती मुळीच मागे नाही, तोंडावर येते. भाच्याने इथे आपोआप डोकं हलवायला सुरुवात केली, मी पाहिलं. पॅटन घसा फाटेपर्यंत जातो, आता हे थांबावं असं वाटतं, आणि थांबतंच. सगळं कोसळतं आणि त्या ढिगाऱ्यातून ऑर्गन वर येतो, प्रार्थनेसारखा. गिटारने पाडलं आणि कीबोर्डने झाकलं. दोघांनाही जागा मिळाली. ज्यांना गिटार हवी आहे त्यांनी इथून सुरुवात करावी आणि मग पहिल्या गाण्याकडे यावं. माझ्या भाच्यासारख्यांना मी आता हाच क्रम सांगते.

शेवटचं 'मिडनाइट काउबॉय', जॉन बॅरीच्या 1969 च्या सिनेसंगीताची धून, शब्द नाहीत. 'जिझलॉबर'नंतर अकॉर्डियनचा सूर आल्यावर काय वाटतं ते समजायला आधीची बारा गाणी त्याच क्रमाने ऐकावी लागतात. म्हणून हा अल्बम फोनवर शफल लावून ऐकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे अकॉर्डियन म्हटलं की शंकर-जयकिशन आठवतात, हसरं, फिरतं. इथे तो भाता नुसता श्वास घेतो आणि सोडतो.

आता घेण्याबद्दल. 2015 मध्ये दोन डिस्कची वाढीव आवृत्ती निघाली, सीडी आणि एलपी दोन्ही. मी एलपी ऑनलाइन मागवली. पहिल्या वेळी आलेली प्रत वाकडी होती, सुई वरखाली व्हायची आणि 'मिडलाइफ क्रायसिस'चा ठेका हिंदकळायचा. दुकानाने बदलून दिली, पण सात आठवडे घेतले. आल्यावर लगेच सपाट टेबलावर ठेवून तपासा. दुसऱ्या डिस्कवरची जादा गाणी आणि लाइव्ह मला एकदाच ऐकावीशी वाटली. आवाज दोन्हीत स्वच्छ आहे, पण जुन्या कॅसेटमध्ये खालच्या टॉमचा जो चिकट जडपणा होता तो मला कॅसेटवरच सापडतो. हे कानाला लागलेल्या सवयीचंही असेल. पैसे घालायचे नसतील तर ऑनलाइन आहेच. फक्त हेडफोन लावा किंवा चांगले स्पीकर, मोबाइलच्या स्पीकरवर बास मरतो आणि मग उरतो तो नुसता गोंगाट.

बऱ्याच आवृत्त्यांमध्ये, दादाने आणलेल्या कॅसेटवरही, शेवटी 'ईझी' जोडलेलं आहे, कमोडोअर्सचं 1977 चं गाणं. फार छान गायलंय, आम्ही एका रिसेप्शनला ते वाजवलंयही. दादाला सगळ्या अल्बममध्ये तेच सर्वांत आवडतं आणि त्यावरून आमचं आजही जमत नाही. मी अकॉर्डियन संपला की उठते आणि कॅसेट बंद करते. दादा घरी असला तर तो उठून पुन्हा चालू करतो.